पाच दसऱ्यांचा रंग

गाडी वीस वर्षांची झाली तेव्हा तिचं दुसरं पासिंग आलं. दुचाकीची पहिली मुदत पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी ती तपासणीला न्यावी लागते. पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर, नाही तर भंगारात. आमच्या घरात तेवढ्यावरच विषय संपत नव्हता. आबांनी सांगून ठेवलं होतं की ही गाडी गेली तर दुसरी घेणार नाही. आबा माझे चुलते, वय चौऱ्याहत्तर, उजवा गुडघा कामातून गेलेला. शेत गावापासून दोन किलोमीटर. म्हणजे गाडी गेली की आबांचं शेतात जाणं गेलं, आणि मग शेत बटाईनं द्यायचं, हे घरात ठरल्यासारखंच होतं. बटाईदाराशी बोलणंही झालं होतं. आबांना ते माहीत होतं. ते त्याबद्दल बोलत नसत.

गाडी मुळात माझी. मी जळगावात जिल्हा वार्ताहर होतो तेव्हा जुनीच घेतली होती. काळी, स्पोर्ट्स. पुढं फायबरचं टोकदार तोंड, हँडल खाली, आणि मागची सीट इतकी उंच की बसणारा झाडावर बसल्यासारखा दिसायचा. बातमी धुळ्याला असो की पाचोऱ्याला, मी तिच्यावरून जायचो. पारोळ्याच्या अलीकडे तेव्हा रस्त्याला दोन्ही बाजूंनी कडुनिंब होते. उन्हाळ्यात हेल्मेटची काच वर केली की त्या पट्ट्यात हवा गार लागायची. पुढं मला कचेरीत टेबलावरचं काम मिळालं आणि गाडी शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावी गेली.

आबांनी तिचं फायबर काढून गोणपाटात बांधून ठेवलं, कारण कपाशीच्या पऱ्हाट्या त्यात अडकत. मागच्या सीटला दुधाची कॅन बांधली. उंच, वाळलेले आबा, धोतर खोचून, त्या खाली वाकलेल्या हँडलवर ओणवे होऊन शेतात जायचे. पारावरची पोरं विचारायची, "आबा, आज कोनासंगे रेस शे?"

"तुना बापनासंगे," आबा गाडी न थांबवता सांगायचे. "तो आजून पहिला गेरमाच शे."

पहिल्या पासिंगला गाडी पहिल्या फेरीत नापास झाली होती. हॉर्न वाजत नव्हता, मागचा इंडिकेटर म्हशीनं मोडला होता आणि सायलेन्सरला आबांनी भोक पाडलं होतं, "आवाज उना पायजे" म्हणून. आठवड्याभरात ते सगळं नीट केलं आणि ती पास झाली. यंत्रात काही दोष नव्हता.

दुसऱ्या वेळी मी आधीच काळजी घेतली. गाडी जळगाव पासिंगची, तपासणीही तिथंच घ्यायचं ठरवलं. मी गावी जाऊन ती घेतली आणि धुळ्यात मिस्त्रीकडे थांबलो. हा मिस्त्री मला वार्ताहर असल्यापासून ओळखतो. त्यानं दिवे, ब्रेक, आरसे, टायर पाहिले, फायबर परत चढवलं आणि एकदा किक मारून कान लावला.

"इंजिनचं सोडा हो भाऊ. इंजिनमुळे नापास झालेली गाडी माझ्या गॅरेजात आजवर आलेली नाही. माणसं जे करतात ना, त्यानं होते." मग लाल फ्रेमकडे पाहून म्हणाला, "हा रंग कोणी दिला? बैलगाडीला देतात तसा?"

मी हसलो. आबांनी दिलेले रंग मला इतक्या वर्षांच्या सवयीचे होते की त्यात काही पाहायचं असतं हे सुचलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात आबा घरातल्या सगळ्या लोखंडाला ऑइल पेंटचा एक हात देतात. नांगर, वखराची पास, पंपाची पेटी, फाटक. पहिल्या पासिंगनंतर गाडीही त्यातच धरलेली. रंग खास आणायचा नाही. त्या वर्षी घरात ज्या कामाचा उरला असेल तो द्यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीच्या मैदानावर गेलो तर झाडाखाली आबा बसलेले. पहाटेच्या एसटीनं आले होते. कोणी बोलावलं नव्हतं. "म्हटलं देखूत काय व्हस," एवढंच म्हणाले.

तपासणी अधिकारी बाई तरुण होत्या. दिवे, हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक, धुराचं प्रमाणपत्र. एकेक पाहून कागदावर खूण करत गेल्या. मग हँडल डावीकडे वळवून वाकल्या.

"चेसिस नंबर कुठं आहे?"

"तिथंच, हँडलच्या खाली."

"इथं रंग आहे."

मी पाहिलं. तिथं गुळगुळीत लाल रंग होता. अक्षर नाही, आकडा नाही.

"नंबराचा पेन्सिलनं ठसा घ्यावा लागतो," बाई म्हणाल्या. "त्याशिवाय सही नाही. चारपर्यंत साफ करून आणा. पण पॉलिश पेपर मारू नका, ग्राइंडर तर नाहीच. आकड्यावर ओरखडा दिसला तर नंबर खोडल्याचा संशय येतो. मग मी काहीच करू शकणार नाही."

मी आबांकडे गेलो. "आबा, तिथं कशाला रंग दिला?"

"लोखंड शे ना ते? लोखंडले रंग दिन्हा नही ते जंग खाई जास. बठ्ठा गावले माहीत शे, तुम्हना पेपरवालासलेच नही."

आवाज नेहमीचाच होता. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीकडे पाहत होते.

रस्त्यापलीकडच्या हार्डवेअरच्या दुकानातून मी रंग काढायच्या औषधाची डबी आणली. आबांनी ती माझ्या हातातून घेतली. कडुनिंबाची एक काडी तोडून दातांनी तिचा कुंचा केला, औषधात बुडवला आणि गाडीसमोर मांडी घालता येत नाही म्हणून एक पाय लांब करून बसले. मी मदत करतो म्हटलं तर म्हणाले, "तू लिखत बस."

लाल रंग फुगून वर आला. तो ट्रॉलीचा, गेल्या वर्षीचा. त्याच्याखाली हिरवा निघाला. नातीच्या लग्नात फाटकाला दिला होता तो. मांडवाच्या दिवशी फाटक ओलंच होतं आणि निम्म्या वऱ्हाडाच्या कपड्यांना हिरवे पट्टे लागले होते. हिरव्याखाली निळा, पंपाच्या पेटीचा. निळ्याखाली पिवळा, शाळेच्या खिडक्यांना देऊन उरलेला. आबा प्रत्येक रंग पुसून चिंधीवर घेत आणि क्षणभर बघत.

पिवळ्याखाली चंदेरी होता. आबांचा हात थांबला.

"तुन्ही काकूनी पेटीना," ते म्हणाले.

काकूच्या पत्र्याच्या पेटीला तो आणला होता. त्या दसऱ्याला काकू होती.

थोड्या वेळानं त्यांनी काडी पुन्हा बुडवली. चंदेरीखाली काळा आला, मी घेतली तेव्हाचा, आणि काळ्यात आकडे. आबा बोटाच्या पेरानं एकेक चाचपत गेले. एकाही आकड्यावर ओरखडा नव्हता. गंजाचा ठिपकाही नव्हता.

साडेतीनला बाईंनी कागद ठेवून पेन्सिल फिरवली. आकडे एकामागून एक पांढरे उमटले.

"एवढ्या जुन्या गाडीचा इतका साफ नंबर क्वचित येतो," त्या म्हणाल्या. "बऱ्याचदा गंजून गेलेला असतो."

आबांनी माझ्याकडे पाहिलं.  

बाईंनी सही केली. बाहेर आल्यावर आबांनी हातावर हिशेब केला. "आते पाच वरीस. म्हंजे मी एकोणऐंशीना." मग चिंधी घडी करून खिशात घातली. बटाईदाराला संध्याकाळी त्यांनीच फोन करून नाही म्हणून सांगितलं.

यंदा दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात कचेरीत त्यांचा फोन आला. मागं डबा उघडल्याचा आवाज येत होता.

"नंबरवर रंग दिऊ का ग्रीस लावू? सूनबाई म्हनस ग्रीस लाव, म्हंजे पुढला टाइमले खरडानं काम नही."

ग्रीस सोपं, हे मलाही कळत होतं. मी विचारलं, "रंग कोणता आहे?"

"नारंगी."

"मग रंगच द्या," मी म्हणालो. "पाच वर्षांनी बसू काढायला."

"तू बसशी का?"

"तुम्ही काढा. मी लिहीत बसेन."

पलीकडे ते हसले आणि कोणाला तरी ब्रश मागितला.