कुळाबाहेरचं वटवाघूळ

संग्रहालयाच्या तळघरात एकोणतीस वर्षं स्पिरिटमध्ये जपलेल्या वटवाघळांच्या बाटल्या सांभाळणाऱ्या माणसाला सगळे बाटलीमामा म्हणत. मामा दारूच्या थेंबाला शिवत नसत, पण अंगाला स्पिरिटचा असा काही वास, की शेजारणी उगाच मामींची कीव करत.

काम काय, तर बाटलीतलं स्पिरिट उतरलं की भरायचं आणि वरचे शहाणे साहेब वटवाघळांची कुळं बदलतील तशा बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायच्या. त्यात म्यानशेपट्या वटवाघळांच्या कुळाने मामांना अगदी मेटाकुटीला आणलं. उष्ण मुलखातली, किडे खाणारी ही चिमुकली जनावरं. खूण सोपी: शेपटीचं टोक पायांमधल्या पडद्याच्या मधूनच वर निघतं, फाटक्या बाहीतून कोपर निघावं तसं. पण एका साहेबाने कुळाची दोन घरं केली. दुसऱ्याने त्यातलं एक बिऱ्हाड तिसरीकडे हलवलं. तिसऱ्याने सगळ्यांना पुन्हा एकत्र नांदवलं. मरून पन्नास वर्षं झालेल्या वटवाघळांना त्याचं काय सोयरसुतक! चिठ्ठ्या लिहून लिहून बोटं मोडायची ती मामांची.

एका बाटलीवरून मात्र मामा तिन्ही साहेबांशी भांडले. "अहो, याची शेपटी सरळ पडद्याच्या कडेपर्यंत जातेय. हे या कुळातलं नाहीच!" तिघांनीही त्यांना उडवून लावलं.

मग नव्या मॅडम आल्या. त्यांनी मामांचं ऐकलं, भिंगाखाली शेपटी पाहिली, दात पाहिले, मांसाचा कणभर तुकडा तपासायला पाठवला. दोन महिन्यांनी धावतच तळघरात आल्या. "मामा, तुमचंच खरं! हे त्या कुळातलं नाही. ही जात आजवर कुणी नोंदवलेलीच नाही!"

"बोंबलून सांगत होतो ना!" मामा आनंदाने स्टुलावरून पडायचेच बाकी होते.

"आता सगळ्यात खालची चिठ्ठी दाखवा. हे कुठे पकडलं ते तिच्यावरच असणार. तिथे जाऊन आणखी शोधायला हवीत, एकट्या नमुन्यावर कोण विश्वास ठेवणार?"

मामांचा चेहरा खर्रकन उतरला. नियम असा, की नवी चिठ्ठी बांधायची आणि जुनी तिच्याखाली तशीच ठेवायची. मामांनी तो एकदाच मोडला होता. तिसऱ्या साहेबाशी वाजलं त्या दुपारी, "घाला चुलीत तुमचं कुळ!" म्हणत याच बाटलीची चिठ्ठ्यांची अख्खी जुडी कापून कचऱ्यात भिरकावली होती. नोंदवहीतलं या बाटलीचं पान तर वाळवीने कधीच खाल्लेलं.

मामा चिठ्ठी काढतील तोवर मॅडम चहा सांगायला वर गेल्या. जुना कागद, शिसपेन्सिल, पहिली चिठ्ठी लिहिणाऱ्या कारकुनाचं अक्षर, सगळं मामांच्या हातातलं होतं. एखादं गाव ठोकून दिलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मामांनी कागद पुढे ओढलाही.

मॅडम परत आल्या तेव्हा बाटलीला चिठ्ठी बांधलेली होती: 'कुठे सापडलं माहीत नाही. जुनी चिठ्ठी मी रागाने फेकली.' खाली मामांची सही.

"मामा, काय करून बसलात हो!" मॅडम म्हणाल्या. आणि कुठल्याही साहेबापुढे मान न तुकवलेला तो माणूस ढसाढसा रडायला लागला.