कवळीकाकांचा स्वतंत्र बाणा

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या घडवणाऱ्या काकांना सगळे कवळीकाकाच म्हणत. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पण कुणी नोकर म्हटलेलं मात्र त्यांना अजिबात खपायचं नाही. नोकरी करावी ती मेव्हण्याने, आपण स्वतंत्र कारागीर, हे ते मेव्हण्याला दर रविवारी ऐकवत. आणि तोही बिचारा ताटावरची नजर न हलवता ऐकून घेई.

म्हणूनच करखात्याचं पत्र आलं तेव्हा काकांचं धाबं दणाणलं. काका स्वतंत्र व्यावसायिक की दवाखान्याचे पगारी कर्मचारी, हे ठरवायला एक अधिकारी बाई येणार होत्या. चौदा वर्षांची मिजास पणाला लागली होती.

बाई आल्या आणि मेणाच्या, साच्यांच्या पसाऱ्यात स्टूल ओढून बसल्या. हत्यारं कुणाची, असं त्यांनी विचारलं. माझी, असं काकांनी छाती काढून सांगितलं. कपाटाची किल्ली? ती डॉक्टरांकडे असायची. कामावर किती वाजता येता? काका म्हणाले, मनाला येईल तेव्हा. मन रोज बरोबर नऊलाच यायचं, आणि पाच मिनिटं उशीर होणार असला तर आधी फोन करायचं. काम नाकारता? हो तर, बेलाशक. शेवटचं कधी नाकारलंत, यावर काकांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. तुमच्याऐवजी दुसऱ्याला पाठवता येतं का? एकदा तापात काकांनी मेव्हण्याला पाठवलं होतं. त्याने एका आजोबांची कवळी दुसऱ्याच आजोबांना दिली, आणि कहर म्हणजे दोघांनीही तक्रार केली नाही.

बाईंना काकांची दया आली असावी. त्यांनी एक छापील कागद पुढे केला. मी स्वतंत्र व्यावसायिक असून माझे निर्णय मी स्वतः घेतो, एवढंच त्यावर होतं. सही केलीत तर तुमची बाजू नोंदवून घेते, असं त्या म्हणाल्या.

काकांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला, पेन उघडलं. मग खुर्ची मागे सारून ते उठले.

"एक मिनिट हं मॅडम," ते म्हणाले, "डॉक्टरांना विचारून येतो."

ते परत येईपर्यंत बाईंनी निकाल लिहूनही टाकला होता.

घरी काका चेहरा पाडून बसले. आजपासून नोकर झालो, म्हणाले.

"आजपासून कसले? चौदा वर्षं आहातच की," बायको म्हणाली. "आता निदान रजा तरी मिळेल. आपण दोघं शेवटचं कुठे फिरायला गेलो होतो, आठवतंय का?"

काकांना काही केल्या आठवेना, आणि त्याची मात्र त्यांना मनापासून लाज वाटली.