सरांचं पावतीपुस्तक

वर्गणी मागणारे पुष्कळ पाहिले, पण देणाऱ्याच्या मागे धावत जाऊन ती परत करणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच झाला, आणि तो आमच्या खालच्या मजल्यावर राहायचा. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या सरांना, आकाशातून येऊन माणसाच्या, म्हशीच्या, डोंगराच्याही आरपार निघून जाणाऱ्या कणांचा ध्यास होता. ते कण टिपणारं यंत्र उभारायला एका संशोधन संस्थेला पैसे कमी पडताहेत, असं कळलं आणि सरांनी पावतीपुस्तकच छापून घेतलं. सरकार देईल तेव्हा देईल, पण लोकांना हे हवंय का, ते लोकांनाच विचारावं, असं त्यांचं म्हणणं.

दर रविवारी इस्त्रीचा सदरा घालून सर पंचवटीच्या भाजीबाजारात जात. पावतीपुस्तक दिसलं की इथला माणूस आधी खिशात हात घालतो. गणपती की भंडारा, ते पावती घडी करताना विचारतो. तिथेच सरांचं बिनसायचं. एका स्कूटरवाल्याने न ऐकताच नोट हातात कोंबली, तर सर धापा टाकत सिग्नलपर्यंत त्याच्या मागे गेले आणि हिरवा दिवा लागेपर्यंत त्याला कण समजावत राहिले. बिचाऱ्याने घाबरून नोट परत घेतली. कुणी उपयोग विचारला, तर सर शांतपणे सांगत, "कदाचित काहीच नाही." औषधबिषध निघेल म्हणा, थोडं खोटं चालतं, असं मी एकदा सुचवलं. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

सगळं ऐकून पैसे दिले ते मखमलाबादहून झेंडू आणणाऱ्या एका मावशींनी. हार ओवता ओवता त्यांनी विचारलं, "उपेग नाय, तर मंग पाह्यचं कशाला?"

"आहेत म्हणून," सर म्हणाले.

"हायेत तर पाह्यलाच पायजे. लिवा माझं नाव."

त्या दिवशी सर पेढे घेऊन वर आले आणि हीच गोष्ट तीनदा सांगून गेले. तू कधी देणार, असं त्यांनी विचारलं की मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात, सगळं नीट ऐकून घेऊन. मला त्यांची थट्टा करायला आवडायचं, आणि त्यांना ते खरं वाटायचं.

दिवाळीनंतर सर गेले. काकूंनी पावतीपुस्तक वर आणून दिलं. एका पावतीवर सरांच्या अक्षरात माझं नाव होतं, रकमेची जागा रिकामी, आणि कडेला पेन्सिलीने लिहिलेलं, 'सगळं ऐकल्यावर'. त्याच संध्याकाळी मी रक्कम भरली, संस्थेला पैसे पाठवले आणि उगाच जिन्यात येऊन उभा राहिलो. कशासाठी देतोयस ते ऐकलंस का, असं विचारत धापा टाकत कुणी वर आलं नाही.

नाही ऐकलं, सर.