मुकादमाची गोळी

"मेलंय ते. पायरीखाली घे."

ठेकेदाराच्या बंगल्यात बसणारा डॉक्टर एवढंच बोलला. कडेवरच्या माह्या तान्ह्या पोरीले हात लावला नाही. माह्या पायाच्या काळ्या चिखलाकडे पाहून नाक मुरडलं. "तुम्ही बायाच अफू चारता, अन् मढं आमच्या दारात आणता."

चारली होती मीच. पण ती गोळी माह्या हातावर कोणी ठेवली, हे त्याले पक्कं ठाऊक होतं.

चिखला गावाजवळच्या त्या खाजगी खदानीत आम्ही बाया मँगनीजचे दगड फोडत होतो. लेकरं मोहाच्या झाडाखाली, फाटक्या लुगड्यांवर ओळीनं निजवलेली. सकाळी मुकादम प्रत्येकीच्या हातावर मोहरीएवढी अफूची गोळी ठेवायचा. लेकरू रडलं नाही, तर माय हातोडा टाकून दूध पाजाले उठत नाही. जे लेकरू जेवणाच्या सुट्टीपर्यंत हालत नाही, त्याले आम्ही शहाणं म्हणायचो. आम्ही! आठवलं की माही मलेच किळस येते.

त्या दिवशी पुडी नवीन होती. गोळी तेवढीच, पण रंग भुरा, वास औषधासारखा. मी विचारलं, तर मुकादम म्हणे, "काहून वं, तुले का दुकान टाकायचं आहे? चारून टाक."

सुट्टीत गेली, तर माही मुक्ता शहाण्यासारखी पडलेली. थान तोंडात दिलं, ओढेना. ओठ जांभळे. एक श्वास यायचा, मग कितीतरी वेळ काहीच नाही. माय वं! नशा उतरते म्हणून मी तिच्या तोंडात चिंचेचं पाणी ओतलं. ते तसंच बाहेर आलं. मग तिले उचलून बंगल्यावर पळाली, अन् पायरीवर डॉक्टरचं ते 'मेलंय' ऐकलं.

डॉक्टरच्या मागून नर्सबाई खाली उतरल्या.

"सिस्टर, हात धुवावे लागतील," डॉक्टर म्हणाला.

त्या सरळ मातीत बसल्या. पोरीले कुशीवर करून तोंड पुसलं, परत उताणं केलं. "जीव आहे अजून. आता काही ओतू नको. तिच्या नाकातोंडावर तुझं तोंड ठेव, हळूच फुंक. छाती वर आली पाहिजे."

मी फुंकली. थांबली. परत फुंकली. बाई छातीवर बोटं ठेवून म्हणत राहिल्या, "अजून." वर डॉक्टर कपात चमचा फिरवत होता. तो आवाज माह्या कानात अजून आहे. थू!

मुक्ता खोकलली. बारीक रडली.

"निजू देऊ नको. नशा अंगात आहे, श्वास परत अडकेल." बाई मँगनीजच्या ट्रकात आमच्यासोबत बसल्या, तुमसरच्या दवाखान्यापर्यंत तिच्या छातीवरची नजर काढली नाही. वाटेत म्हणाल्या, "अफूत दुसरंच काही कालवलं आहे. गोळी दिसते तेवढीच. आत किती विष आहे, ते मलाही पाहून कळणार नाही."

मुक्ता वाचली.

चौथ्या दिवशी मी कामावर गेली. मुकादम पुडी घेऊन हजर. "घे. आता अर्धी देजो."

मी म्हटलं, "तू खा. माह्यासमोर खा."

तो हसला. "मी काहून खाऊ? मी का खदानीतली बाई आहो?"

पुडी त्याच्या हातातून हिसकली, दगडावर ठेवली, हातोड्यानं चेचून चिखलात कालवली. मग तिथंच बायांले दाखवलं, ओठ जांभळे झाले तर तोंडावर तोंड ठेवून कसं फुंकायचं ते. कोणाचं लेकरू, कोण्या जातीचं, कोणी विचारायचं नाही.

त्या दिवशी कोणीच गोळी चारली नाही, मोहाखाली सगळी लेकरं रडली. मुकादम बोंबलत होता, "चूप करा यांले!"

आम्ही हातोडे खाली ठेवले अन् पाजाले बसलो. माह्या लेकरानं आता रडावं. रोज रडावं. ते चूप पडलेलं मी पाहिलं आहे. तुमचं काम थांबलं तर थांबू द्या.