कपाटाला दुसरा हात

आमच्या तिसगावच्या घरात एक सागवानी कपाट होतं, दोन दारांचं, माझ्या खांद्याला लागेल इतकं उंच. त्याला हिरवा रंग होता आणि सगळं घर म्हणायचं, हा थोरलीच्या वेळचा रंग. थोरली म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ती तापानं गेली आणि तिच्या जागी मला आणलं. मी तिच्याहून वयानं मोठी, तरी गेलेली ती थोरली आणि नांदणारी मी धाकली.

माझं माहेर राहात्याचं. पाटाचं पाणी, ऊस, पेरूच्या बागा. तिथली मुलगी कोरडवाहू गावात, तेही दुसरेपणावर का दिली, असं कुणी विचारलं की माझी आई विषय बदलायची. कारण साधं होतं. मी रंगावरून राहिले होते. पाहायला येणारे पोहे खाऊन जात आणि मग त्यांचा निरोपच येत नसे. थोरली मात्र केतकीसारखी गोरी होती म्हणे. हे मला लग्नाच्या दिवशीच दोघीतिघींनी आवर्जून सांगितलं, जणू माझ्यावर उपकार करत होत्या.

लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर तिचा टाकही पडला. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची लहानशी आकृती, काळ्या दोऱ्यात ओवलेली. दुसरेपणाच्या बाईनं पहिलीला असं गळ्यात वागवायचं असतं. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. सणाचा घास आधी तिच्या नावानं काढायचा, मग आपण जेवायचं. मी सगळं केलं, कधी चुकले नाही. पण मनात जळायची. जिवंत सवत असती तर भांडता तरी आलं असतं, हिच्याशी भांडायचं कसं? ती कधी म्हातारी होणार नव्हती, तिची भाजी कधी करपणार नव्हती.

त्या कपाटात माझी लुगडी होती, यांचे सदरे होते आणि वरच्या फळीवर आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, ठेवणीतलं सामान. रोज सकाळी दार उघडलं की तो हिरवा रंग समोर यायचा. घरात एक तरी वस्तू माझी असावी, जिच्याकडे बघून हिची आठवण निघणार नाही, एवढंच मला हवं होतं.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. विहिरीत खडखडाट, शेतात काही काम नाही. हे रस्त्याच्या खडीवर जायला लागले आणि आत्याबाई दिवसभर ओट्यावर बसून आभाळाकडे बघायच्या. अशात माझा भाऊ भेटायला आला. त्यानं बैलगाडी रंगवली होती आणि डब्यात निम्मा आकाशी रंग उरला होता. तो त्यानं माझ्यासाठी आणला. बरोबर टर्पेंटाईनची बाटली आणि काचपेपरही. डबा हातात घेतला त्या क्षणीच मी कपाटाकडे पाहिलं.

यांना विचारलं तर "कर की," एवढंच म्हणाले. आत्याबाईंना ते रुचलं नाही. तिची आठवण राहिलीय तेवढीच, ती कशाला पुसायची, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्या कबूल झाल्या, पण आधी थोरलीला विचार म्हणाल्या. म्हणजे काय, तर त्यांनी तेलाच्या वाटीत बोट बुडवलं, डाव्या दारावर कडीजवळ तेलाचं बोट लावलं आणि त्यावर कुंकू टेकवलं. माझं लग्न होईपर्यंत थोरलीचा टाक या कपाटातच असायचा आणि दर अवसेला त्या त्याच जागी कुंकू लावायच्या. कोरडं कुंकू झडून जातं म्हणून आधी तेलाचं बोट. मी हात जोडून उभी राहिले आणि मनात म्हटलं, विचारलं बरं का बाई, आता सरक.

आधी धुण्याचा सोडा पाण्यात उकळला. पाणी तरी कुठलं, भांडी विसळलेलं गाळून घेतलेलं. ते चिंधीनं फासलं की रंग मऊ पडायचा. मग फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडायचं. काच वाकडी धरली तर लाकडाला ओरखडा जातो, सरळ धरली तर रंगाची साल निघून येते. भावाच्या गाड्या बघून बघून मला हे येत होतं. वाकलं की गळ्यातला टाक पुढं लोंबायचा आणि दारावर टक टक वाजायचा. मी तो पाठीवर टाकायची, तो पुन्हा पुढं यायचा. शेवटी पदरात बांधून कमरेला खोचला.

खरवडताना मला जे सुख झालं ते मी कुणाला सांगितलं नाही. हिरव्या साली पायाशी पडत होत्या आणि आतून सागाचं लाकूड वर येत होतं. एका गोष्टीचा मात्र राग येत होता. रंग फार छान दिलेला होता. कुठं ओघळ नाही, कुठं ब्रशचा केस चिकटलेला नाही. बिजागरीच्या मागं, जिथं कुणी बघत नाही, तिथंही एकसारखा. म्हणजे बाई कामालाही चोख होती. गोरी ती गोरी, वर हातात कसब! माझी काच तिथं जरा जास्तच जोरात चालली.

उजव्या दाराच्या खालच्या अंगाला किडीनं पोखरलेली जागा लांबीनं भरलेली होती. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेला लगदा. भोकात भरून अंगठ्यानं दाबतात. ती लांबी वाळून दगड झाली होती आणि तिच्यात अंगठ्याचे ठसे तसेच उमटलेले होते. मी माझा अंगठा त्यात बसवून पाहिला. ठसा माझ्या अंगठ्याच्या दीडपट. मला हसू आलं. अगं बाई, एवढी केतकी आणि अंगठा बाप्यासारखा! त्या दिवशी भाकरी थापताना मी माझ्या अंगठ्याकडे पाहून घेतलं आणि सांज आनंदात गेली.

पुढं लाकडाच्या रेषेनं काचपेपर मारला. नव्या भोकांत मी माझी लांबी भरली, जुन्या ठशांवरही फासली आणि एकही ठसा राहू नये म्हणून सुरीच्या पात्यानं सपाट केली. सगळं पुसून पहिला हात दिला. रंगाच्या एका थराला आमच्याकडे हात म्हणतात: पहिला हात, दुसरा हात. भाऊ जाताना सांगून गेला होता की पहिला नीट बसला तरच दुसरा टिकतो. बोलून गेला आणि माझ्याकडे पाहून ओशाळला. पहिला हा शब्दच मला सोसत नव्हता.

रंग वाळला. आकाशी कपाट भिंतीशी इतकं देखणं दिसत होतं की मी येता-जाता बघत होते. फक्त डाव्या दाराला कडीजवळ रुपयाएवढी जागा ओलीच राहिली. दुसऱ्या दिवशीही ओली, तिसऱ्या दिवशीही. सकाळी यांनी ते दार उघडून टोपी घेतली आणि तशीच डोक्यावर चढवून खडीवर गेले. पांढऱ्या टोपीवर आकाशी बोटं. तिथं सगळ्यांनी यांची दिवसभर थट्टा केली, धाकलीनं शिक्का मारून पाठवलाय म्हणून.

आत्याबाई लगेच म्हणाल्या, थोरलीला हे पटलेलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काच घेतली आणि ती जागा पुन्हा उघडी केली. लाकूड तिथं काळपट पडलं होतं. नाक लावलं तर करडईच्या तेलाचा वास. इतक्या अवसांचं तेल सागाच्या पोटात मुरलेलं, त्यावर रंग कसा वाळणार! ते मी आत्याबाईंना वास देऊन दाखवलं. त्यांनी वास घेतला आणि तेल आपलंच आहे हे मान्य केलं, पण रंग न वाळण्याचं कारण काही बदललं नाही. मी सोड्यानं धुऊन, राख चोळून, पुन्हा धुऊन तेल काढत बसले.

दिवस मावळताना हे कामावरून आले. टोपी काढून माझ्याजवळ टेकले आणि आकाशी दारावरून हात फिरवत राहिले. उजव्या दाराची ती लांबीची जागा आली तसे थांबले. तिथलं काय झालं, असं विचारलं. मी कुचकटपणे म्हणाले, "थोरलीचे ठसे हुते लांबीत. पुसून टाकले. अंगठा लई जाड हुता तिचा."

हे हसले. फार दिवसांनी हसले.

"तिचा कशानं? माझा हाय त्यो. रंग म्याच दिल्ता की."

हे आपल्या नादात सांगत गेले. लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट. नवं माणूस घरात यायचं म्हणून यांनी नगरहून रंग आणला, कुणाकडून तरी शिकून घेतलं, आणि ती यायच्या आधी कपाट तयार करून ठेवलं. तिनं त्याला ब्रश कधी लावलाच नव्हता. मी ज्या हाताला इतके दिवस शिव्या देत होते तो तिचा नव्हताच, यांचा होता. आणि त्यानं माझं जळणं कमी व्हायला हवं होतं, तर ते दुप्पट झालं. गोरेपणाचं मी सोसलं होतं, ते देवानं दिलेलं. हे यांनी दिलेलं होतं.

"आन् मी यायच्या येळंला?" मी विचारलं.

यांनी खरं तेच सांगितलं.

"तवा आईनं पुसून घेतलं हुतं."

मी रडले नाही. ब्रश टर्पेंटाईनमध्ये बुडवून ठेवला होता, तो काढला, चिंधीला पुसला आणि यांच्या पुढं धरला.

"दुसरा हात तुमी द्या."

यांनी दमल्याचं सांगून पाहिलं. उजेड गेला म्हणाले. उद्या देतो म्हटलं तर मी उद्याही तिथंच उभी राहणार हे यांना कळलं असावं. दुसऱ्या दिवशी खडीला न जाता त्यांनी कपाट रंगवलं. आत्याबाई ओट्यावरून बघत होत्या, मी दारात बसून बघत होते. यांचे हात खडी फोडून सोलवटलेले, बोटं नीट मिटत नव्हती. रंग कुठं जाड बसला, कुठं पातळ. डाव्या दारावर तीन लांब ओघळ आले, ते कडीपासून थेट खालपर्यंत उतरले. पुसून देऊ का, म्हणून त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं.

पुढं घर बदललं, माणसं गेली. आता हेही नाहीत. सुनेनं कितीदा म्हटलं की आई, कपाटाला चांगला रंग देऊन घेऊ, ते ओघळ किती वाईट दिसतात. मी हात लावू देत नाही. माझ्यासाठी यांनी केलेलं रंगकाम ते एवढंच. पण दार उघडताना त्या ओघळांवरून बोट फिरलं की अजूनही तो हिरवा रंग आठवतो. त्या हिरव्यात एकही ओघळ नव्हता. मीच खरवडला होता तो रंग, मला माहीत आहे.