मीनाचे चष्मे

सिंगापूरचा विमानतळ पाहून मी हरखलो, असे लिहायला हवे. पण माझे सगळे लक्ष मीनाला काय सांगायचे याकडे होते.

मीना माझी जुनी विद्यार्थिनी. नवऱ्याच्या नोकरीमुळे सिंगापूरच्या आंग मो किओ भागात राहते. शेजाऱ्यांकडून वापरलेले चष्मे गोळा करायचे, धुवायचे, नंबर तपासून चिठ्ठी लावायची आणि आमच्या गावच्या वाचनालयात पाठवायचे, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. मी ते फक्त लोकांना वाटले. तरी लोक मला ‘चष्मेवाले गुरुजी’ म्हणू लागले, माझा सत्कार झाला, आणि तिथे केलेल्या भाषणातही मी तिचे नाव घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला पुलाउ उबीन बेटावर घेऊन गेली. बमबोटीत (लहान मोटारबोटीत) पाण्याचा सपकारा बसला. तोंड पुसायला चष्मा काढला, तो थेट समुद्रात. बेटावर जुनी लाकडी घरे आहेत म्हणे. मला नुसता हिरवा धूर दिसला. नासी लेमाक (नारळाच्या दुधातला भात) मात्र चवीने ओळखला आणि दोनदा घेतला.

दुपारी घरी येताच मीनाने गोळा केलेल्या चष्म्यांचे खोके उघडले. सातवा चष्मा लागला. लाल, बायकी घाटाचा.

“आजोबा, सो कूल लाह,” तिची लेक तिथल्या इंग्रजीत म्हणाली.

मीनाचा चेहरा लख्ख दिसला आणि मी सगळे सांगून टाकले.

“माहीत आहे, सर. आईने सत्काराचं कात्रण पाठवलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हीच सांगाल म्हणून थांबले. कॉपी करणाऱ्याला तुम्ही वर्गाबाहेर उभं करायचात.”

“उभा राहतो.”

“या गुडघ्यांनी? बसा, काचा पुसा. पण गावात खरं सांगा. इथले शेजारी विचारतात, आमचा चष्मा कोणी घातला? मला उत्तर देता येत नाही.”

मी नुसते नाव लाटले नव्हते, देणाऱ्यांचा आनंदही अडवून ठेवला होता. उरलेले चार दिवस मी काचा पुसल्या, आणि मायलेकींबरोबर इतका हसलो की मजा चुकू नये म्हणून मीनाच्या नवऱ्याने ऑफिसातून लवकर यायला सुरुवात केली.

परतल्यावर वाचनालयात सर्वांसमोर सांगितले. थोडी कुजबुज झाली. मग लोक मीनाच्या शेजाऱ्यांसाठी पत्रे सांगायला रांगेत बसले. लिहायला मी.

“लिहा,” रांगेतल्या सखूबाई म्हणाल्या, “बाई, आता तांदळातला खडा दिसतो.”

तेवढेच लिहिले. पदरचा एकही शब्द घातला नाही.