सी लायनची तहान

पनवेलच्या मासळी बाजारात आपल्या बहिणीच्या पाटीशेजारी बसणारा तो उरणकडचा माणूस मासा कापण्याआधी त्याच्या कल्ल्यात अंगठा खुपसतो. ताजेपणा बघत असेल, असं मला वाटायचं. एकदा विचारलंच, तर हसला.

“सवय, दादा. परदेशात सी लायनच्या, त्या सीलसारख्या जनावराच्या, खेळात कामाला होतो ना! बर्फातल्या माशाचं सत्व जातं, म्हनून त्याला द्यायच्या माशाच्या कल्ल्यात ताकदीची गोळी भरायची.”

“मग ऐष होती की त्याची!”

“कसली ऐष? खेळ केला तरच मासा. आनि तो समुद्राचं पानी पीत नाय. माशाच्या अंगातलं पानी, तेच त्याचं पानी. मासा अडवला म्हंजे तहानेला ठेवला.”

मी हबकलोच.

“तुमी पायलाय कदी असा खेळ?” त्याने सहज विचारलं.

“नाही,” म्हणालो आणि सुरमई घेऊन निघालो.

खोटं बोललो. एकदा परदेशच्या सहलीत लेकीला खांद्यावर घेऊन मी तो खेळ पाहिला होता. दमलेला सी लायन तोंड उघडून कठड्याशी थांबला होता, उडी मारेना. “मासा देऊ नका, आधी उडी!” असं पहिल्यांदा ओरडलो तो मीच. लोक हसले. मग माझं ऐकून लेकही तेच ओरडायला लागली.